नेपच्यून, सूर्यमार्गे

मी काय काम करते, हे माझ्या आईने आजवर कुणालाच नीट सांगितलेलं नाही. त्यात तिचा काही दोष नाही. सौर शिडाच्या यानासाठी ग्रहांमधून जाणारे जलद मार्ग आखणे, हे वाक्य मला स्वतःलाही एका दमात म्हणता येत नाही. आई तिच्या अहिराणीत म्हणते, "कॉम्प्युटरवर ऱ्हास," म्हणजे कॉम्प्युटरवर असते. वडील जरा पुढे जातात. पण पहिल्या वेळी मी 'शीड' म्हणाले ते त्यांना 'शिडी' ऐकू आलं. आमच्या भागात समुद्र नाही, तापीत कुणी शिडाची होडी पाहिलेली नाही, त्यामुळे चूक साहजिक होती. पुढचे कित्येक महिने माझी पोर सूर्याला शिडी लावते आहे, असं ते पारावर सांगत होते आणि लोक ते मनावर घेत होते.

गाव शहाद्यापासून थोडं आत आहे. पुण्यातली माझी फेलोशिप संपली, आणि पुढची जी मिळाली तिच्या गटातली माणसं युरोपभर विखुरलेली होती. कुणी कुठे बसून काम करावं याला बंधन नव्हतं. इंटरनेट हवं, शांत खोली हवी. माडीवरची खोली मिळाली आणि मी घरी परतले. शांततेचं मात्र जमलं नाही, कारण गावात तोपर्यंत 'सोलर' हा शब्द पोचला होता. सकाळी मी खिडकी उघडली की खालून कुणीतरी हाक मारायचं, "ताई, मन्हा सोलर पंपनं काय व्हयनं?" माझा पंपाशी काही संबंध नाही, हे मी सांगे. समोरचा समजूतदारपणे मान हलवी आणि जाताना वडिलांना म्हणे, जरा पोरीला तुम्हीच सांगून पाहा.

खरं काम असं होतं. चंदेरी, अतिशय पातळ असा एक पडदा, म्हणजेच शीड, अवकाशात उलगडायचा. सूर्यप्रकाश त्यावर पडला की त्याला ढकलतो. किती ढकलतो? एकरभर पडदा धरला तर भुईमुगाच्या दोन शेंगा तळहातावर ठेवल्यावर जेवढा भार वाटेल, साधारण तेवढं. पण तो भार कधी थांबत नाही, आणि त्याला इंधन लागत नाही. पडदा कधी, किती कलता धरायचा, एवढंच आपल्या हातात. आमच्या गटाला नेपच्यूनच्या पलीकडे लवकरात लवकर पोचायचं होतं, निदान कागदावर. आणि त्याचं उत्तर दरवेळी एकच येई : बाहेर जायचं तर आधी सूर्याच्या जवळ जा. सूर्यापासून अंतर निम्मं झालं की प्रकाश चौपट होतो. तिथे पडदा सूर्याकडे तोंड करून फिरवला की तो असा भिरकावला जातो, की मग मागे वळून पाहत नाही.

या सगळ्याचा लग्नाशी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

आईने एक स्थळ आणलं. मुलगा सुरतेत एका कंपनीत नोकरीला, घर शहाद्यात, वडील एसटीतून निवृत्त. आईने मला आदल्या दिवशी बजावलं, "तू फक्त कॉम्प्युटर म्हन. सूर्यनं काहीच काढू नको."

मी कबूल केलं. मलाही ते पंपाचं पुन्हा सांगायचा कंटाळा आला होता.

पाहुणे आले. पुढे मुलाचे वडील होते, उंच, ताठ, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. ते उंबरठ्यावर थांबले आणि म्हणाले, "नमस्कार. आम्ही पोचलो आहोत."

आईने चटकन खुंटीवरची पिशवी काढून हातात घेतली.

तिचं ते तिलाही कळलं नाही. मला मात्र लगेच कळलं. शहाद्याच्या बसस्टँडवर लाउडस्पीकरमधून जो आवाज वर्षानुवर्षं निघत होता, तो हाच. कॉलेजला जाताना मी रोज तो ऐकला होता. तालुक्यातल्या अर्ध्या माणसांचे पाय त्या आवाजावर हलत आले होते. हे गृहस्थ तिथले कंट्रोलर होते, म्हणजे कोणती गाडी कधी आणि कुठून सुटेल ते ठरवणारे आणि तसं पुकारणारे. वडिलांनी त्यांना बसायला सांगितलं, आईने पिशवी गुपचूप परत टांगली, आणि मी केळीच्या वेफर्सचं ताट आणि बेसनाचे लाडू घेऊन बाहेर आले.

कंट्रोलर काका माइकवर शुद्ध मराठी बोलत, पण तेवढंच. घरात त्यांची अहिराणीच.

"बेटा, काय काम करस तू?"

"कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर काय?"

मी आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती.

"मार्ग ठरवते," मी म्हणाले. "कोणत्या वेळी कुठून जायचं, किती वेळ लागेल, असं."

काकांच्या हातातला कप बशीत गेला. ते खुर्चीत पुढे सरकले. "गाडीना?"

"तसंच म्हणा. यानाचा."

"कोठून कोठे जास?"

"पृथ्वीवरून नेपच्यूनच्या पुढे."

"डिझेल कितलं लागस?"

"लागत नाही."

"ड्रायव्हर?"

"नाही."

"कंडक्टर?"

"काका, प्रवासीच नाहीत."

त्यांनी कप पुन्हा उचलला. मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात मुलाची आई, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या बाई, म्हणाल्या, "रिकामी गाडी इतली लांब कसाले धाडतस?" आणि मग मला राहवलं नाही. मी लाडू ताटाच्या मध्ये ठेवला, तो सूर्य. भोवती वेफर्स मांडले, ते ग्रह. एक तुकडा चिमटीत धरून मी शीड कसं सुटतं, कसं सूर्याकडे सरकत जातं ते दाखवायला लागले.

"थांब," काका म्हणाले. "जानं शे बाहेर, आणि गाडी जास आत?"

"हो."

"शहादातून नंदुरबारले जानं व्हई, ते आधी धडगावले कसाले जानं?"

शहाद्याहून नंदुरबार एका बाजूला आणि धडगाव सातपुड्यात, अगदी दुसऱ्या बाजूला. शंका रास्त होती. मी म्हणाले, की आपण पृथ्वीबरोबर आधीच सूर्याभोवती भन्नाट वेगाने फिरतो आहोत. शीड असं कलतं धरायचं की प्रकाश आपल्या त्या फिरण्याच्या उलटा ढकलेल. म्हणजे एका अर्थी ब्रेक. ब्रेक लागला की यान हळूहळू सूर्याकडे घसरतं. जवळ गेलं की...

"ब्रेक मारीसन गाडी जोरमा जास?" काकांचा आवाज चढला. बाहेर ओट्यावर बसलेला आमचा कुत्रा उठून निघून गेला. "मी इतला वरीस एसटीमा काढात. असं देखं नही."

"एसटी सूर्याजवळ जात नाही, काका."

"उन्हाळामा अक्कलकुवाले ये, मंग सांग."

आम्ही दोघं ताटावर वाकलो होतो. ते म्हणत, हा फेरा वाया जातो. मी म्हणे, नाही, तो फेराच तर वेग देतो. ते म्हणाले, बरं, पण इथे दहा मिनिटं थांबा द्यावा लागेल, आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे बुध नव्हता. बुध नुकताच मुलाने खाल्ला होता. त्याला वेफर्स आवडले होते आणि आमच्या बोलण्यात त्याला कुणी घेतलं नव्हतं. शुक्रही त्याच्या हातात होता. कंट्रोलर काकांनी तो काढून घेतला आणि परत ताटात ठेवला.

मग रीत म्हणून आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथे मिरच्या वाळत होत्या, त्यामुळे दोघांनाही शिंका येत होत्या. मुलगा भला होता. नाक पुसत म्हणाला, "खरं सांगू का? रिटायर झाल्यापासून बाबांना मी असं बोलताना पाहिलं नव्हतं. घरात बसून ते आईचे डबे कुठल्या फळीवर लागावेत ते ठरवतात. आज फार बरं वाटलं."

"मग?"

"मग काही नाही. पण घरात एक कंट्रोलर पुरे." आणि घाईने म्हणाला, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

मला वाईट वाटलं नाही. खरं तर इतकं मोकळं वाटलं की मी त्याला जाताना वेफर्सचं पाकीट बांधून दिलं. आईने त्याचा भलताच अर्थ घेतला आणि दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा, म्हणजे माझ्या मामाचा, नकाराचा फोन आला.

आईने माझ्याशी बोलणं टाकलं. तिने लाडवाचा विषय काढला नाही, पण पुढे बरेच दिवस तिने घरात लाडू केले नाहीत.

आणि अशात एका सकाळी कंट्रोलर काका स्कूटरवरून एकटेच दारात उतरले.

आईने त्यांना खिडकीतून पाहिलं. "नकार दिधा, आते कसाले उना?" बोलणं टाकलेलं विसरून ती माझ्या कानाशी कुजबुजली. ते ओट्यावर वडिलांपाशी बसले, पाणी प्याले, केळीच्या भावाची विचारपूस केली आणि मग म्हणाले, "बेटाले बोलाव जरा. एक शंका शे."

शंका अशी, की ब्रेक मारल्यावर यान सूर्यातच जाऊन का पडत नाही? त्यांना आठवडाभर झोप लागली नव्हती. बायकोला त्यांनी ती विचारली तर ती म्हणाली, पडलं तर पडू द्या, रिकामीच गाडी आहे.

मी त्यांना माडीवर नेलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर मार्ग दाखवला. निळी रेघ पृथ्वीपाशी सुरू होते, आत वळत वळत जाते, सूर्याला चाटून बाहेर झेपावते. मी सांगितलं की ब्रेक थोडा मारायचा, सगळा नाही. फिरणं पूर्ण थांबलं तर खरंच सूर्यात पडेल. आणि आतसुद्धा फार जवळ जायचं नाही, नाहीतर शीड वितळेल. किती जवळ जावं, तिथेच सगळी मारामारी आहे. माझा प्रोग्रॅम एक मार्ग घेतो, शिडाचा कल ठिकठिकाणी थोडा बदलतो, वेळ वाचला का पाहतो, पुन्हा बदलतो. असे हजारो प्रयत्न. पण त्याची एक खोड आहे. बऱ्यापैकी मार्ग मिळाला की तो तिथेच फतकल मारतो. म्हशीला डबकं सापडलं की पलीकडे नदी आहे हे तिला कितीही सांगा, ती उठत नाही, तसं. मग मला त्याला दुसरीकडून सुरुवात करून द्यावी लागते.

काका खुर्ची ओढून बसले. पडद्यावर एक रेघ सूर्याच्या फार जवळ गेली आणि लाल झाली.

"जळनी का?" त्यांनी हळूच विचारलं.

"जळाली."

"अरेरे."

पुढचीही जळाली. त्याच्या पुढची भलतीकडेच गेली. प्रत्येकीसाठी ते हळहळले. मी कधी हळहळले नव्हते. माझ्यासाठी ते आकडे होते. शेवटी एक रेघ नीट बाहेर पडली तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि स्टँडवरच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पृथ्वीहून सुटणारी, सूर्यमार्गे नेपच्यूनकडे जाणारी गाडी..." खाली अंगणात केळीचे घड उतरवणारे मजूर हातातलं काम टाकून वर बघायला लागले.

त्यानंतर ते बाजाराच्या दिवशी येऊ लागले. सूचना पुष्कळ करत. एकही कधी उपयोगी पडली नाही. शुक्राच्या बाजूला रस्ता चांगला असेल तर तिकडून घ्या. गुरूपाशी गाडी बदलता येईल का पाहा. पण एक गोष्ट त्यांना मनापासून खटकत होती. "परतनी गाडी कोनती?" ते विचारत. मी सांगे, नाही. यान परत येणार नाही. ते म्हणत, "परत न येनारी गाडी मी कधी सोडी नही." दर खेपेला विचारत, जणू गेल्या आठवड्यात माझं मन बदललं असेल.

आई चहा पाठवत असे, पण स्वतः वर येत नसे.

मग माझ्या सादरीकरणाचा दिवस आला. गटातल्या तिघांनी तीन वेगवेगळे मार्ग काढले होते. ज्याचा त्याने ऑनलाइन मांडायचा, आणि पुढच्या अभ्यासासाठी कोणता घ्यायचा ते मोठी मंडळी ठरवणार. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. मी सकाळपासून तयार होते. दुपारी जेवून वर गेले, आणि गावाबाहेरून घड भरून निघालेला एक ट्रक रस्त्यावरून लोंबणारी इंटरनेटची केबल शिंगात अडकल्यासारखी ओढून घेऊन गेला. फोनला आमच्या माडीवर रेंज कधी येते, कधी जाते. त्या दिवशी गेली होती.

बाजाराचा दिवस होता. कंट्रोलर काका ओट्यावर होते. त्यांना कळलं तेव्हा ते उभे राहिले, आणि मला वाटतं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हाती खरोखरची अडचण आली होती.

"मन्हा घर चाल. तठे नेट चांगलं शे."

आई दारात आली. ज्या घराने नकार दिला त्याच घरी पोरीला पाठवायचं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण माझा चेहरा तिच्याहून वाईट असावा. ती फक्त म्हणाली, "साडी बदलीसन जा." मी ड्रेसमध्ये होते. तिला काय म्हणायचं होतं ते मला आजही कळलेलं नाही.

मी लॅपटॉप छातीशी धरून स्कूटरच्या मागे बसले. काका एसटीच्या शिस्तीने चालवत, म्हणजे प्रत्येक वळणावर हात दाखवून, आणि कुणी पुढे गेलं तरी त्याच्यामागे न लागता. पपईच्या बागा, उसाच्या बैलगाड्या, पुन्हा पपई. मी मागून म्हणत होते, काका, जरा जोरात. ते म्हणाले, "ब्रेक मारू का?"

त्यांच्या घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग होता. मुलाची आई नवी साडी नेसून बाहेर आल्या, मला पाहिलं, आणि त्यांच्या हातातला तांब्या कलला. कंट्रोलर काका कपाळावर हात मारून म्हणाले, "आज व्हतं का ते?"

त्यांच्या मुलासाठी दुसऱ्या एका मुलीकडची मंडळी घर बघायला आली होती. मुलगी, तिचे आईवडील, एक आत्या. सगळी समोरच्या खोलीत. मुलगा सुरतेहून खास आलेला. त्याने मला पाहिलं आणि तो हातातल्या पाण्याकडे पाहत राहिला.

परत जायला वेळ नव्हता. मुलाच्या आईनेच मला हाताला धरून आतल्या खोलीत बसवलं, पंखा लावला, दार ओढून घेतलं. दाराची कडी बसत नव्हती, त्यामुळे ते अर्धं उघडंच राहिलं. माझ्या मागे कपाट, कपाटावर मुलाचा पदवीच्या टोपीतला मोठा फोटो. तसंच मी सुरू केलं.

मी इंग्रजीत बोलत होते आणि बाहेरचं मराठी कानावर येत होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, आत कोण आहे? काकांनी अभिमानाने सांगितलं, "सूर्यना उजेडवर चालनारी गाडीनं टाईमटेबल बनावस हाई." मुलीच्या वडिलांनी विचारलं, ते ठीक, पण तुमच्याशी नातं काय? त्यावर मुलाची आई, ज्यांना खोटं बोलता येत नसावं, म्हणाल्या, "हाई... मागला खेपले देखेल पोर शे."

मी त्याच वेळी शिडाच्या कमाल तापमानाबद्दल बोलत होते. माझा स्वर किंचित वर गेला. तिकडे युरोपातल्या एका प्राध्यापकांनी मान पुढे केली, त्यांना वाटलं असावं की हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

मग दार उघडलं आणि मुलीची आत्या आत आली. मागल्या खेपेला पाहिलेली मुलगी कशी असते, हे तिला बघायचं होतं. ती माझ्या खांद्यामागून कॅमेऱ्यात दिसू लागली. पडद्यावर नऊ-दहा गोऱ्या चेहऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि हात जोडले. प्राध्यापकांनीही हात जोडले. त्यांच्या सगळ्या गटाने जोडले. आत्या बाहेर जाऊन म्हणाली, "मानसे चांगला शेतस."

त्या गडबडीत ती नवी मुलगीच उठून आत आली. सडपातळ, चष्मा लावलेली, ओठ दाबून हसू आवरणारी. तिने दार लोटलं आणि ते उघडू नये म्हणून त्याला पाठ लावून उभी राहिली. माझी प्रश्नोत्तरं होईपर्यंत ती तशीच उभी होती. गटातल्या एका बाईंनी विचारलं, शीड ऐन सूर्याजवळ वेळेत फिरलं नाही तर काय? मी सांगितलं की मग वेग कमी मिळतो आणि बाहेर पोचायला कितीतरी उशीर होतो, म्हणून मी थोडी दुरूनच वळण्याची तजवीज ठेवली आहे, त्यात वेळ थोडा जास्त जातो पण धोका कमी होतो. त्यांनी मान हलवली. पसंतीची होती की सौजन्याची, ते कळलं नाही.

मी लॅपटॉप मिटला. दाराशी उभ्या मुलीने विचारलं, "मुलगा कसा आहे?"

मी म्हणाले, "चांगला आहे. प्रामाणिक आहे. ताटातलं न विचारता खातो."

"आणि बाबा?"

बाहेर कंट्रोलर काका तिच्या वडिलांना पेल्या-चमच्यांवरून सूर्याला वळसा घालून दाखवत होते. तिचे वडील म्हणत होते, पण मुलाचा पगार... आणि काका म्हणत होते, ते नंतर, आधी इथे ब्रेक लागतो.

"ते असेच आहेत," मी म्हणाले.

"मग हरकत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी कुणी काहीच बोलत नाही."

लग्न ठरलं, झालं. आम्हाला आमंत्रण होतं. आई यायला तयार नव्हती, पण नवरीनेच तिला फोन केला म्हणून आली, आणि नवरीच्या आत्याशेजारी बसून तिने सगळ्या जेवणावळीला नावं ठेवली. आत्या तिच्याशी सहमत होती. दोघींची गट्टी जमली.

गटाचा निर्णय त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. पुढच्या अभ्यासासाठी दुसऱ्या एकाचा मार्ग निवडला होता. तो माझ्याहून धीट होता, सूर्याच्या अधिक जवळून जाणारा. त्याचं शीड त्या उष्णतेत टिकेल असं त्यांना पटलं होतं. माझा मार्ग राखीव म्हणून ठेवला होता, पहिल्यात काही अडचण निघाली तर. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. राखीव हा शब्द काही केल्या गिळवेना. जेवणही गेलं नाही.

कंट्रोलर काका आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हनजे जादा गाडी?"

"तसंच."

"तू कधी होळीले काठीले गयी व्हती का?"

गेले होते, लहानपणी. सातपुड्यातल्या काठी गावची होळी पाहायला डोंगरातून, गुजरातेतून माणसं लोटतात. काका त्या वेळी अक्कलकुव्याला होते. ते सांगू लागले. नेहमीच्या गाड्या सकाळीच भरून गेलेल्या असत. मग उरलेली माणसं, डोक्याला मोरपिसांचे टोप बांधलेले नाचणारे, ढोल घेतलेले, पोरंबाळं, सगळी स्टँडवर उभी. "ती मानसे कंट्रोलरकडे देखतस. आणि कंट्रोलर जादा गाडीकडे." त्यांनी पडद्यावरच्या माझ्या रेघेवर बोट ठेवलं. "जादा गाडी म्हनजे काय कमी शे का? टाईमटेबलमा तिनं नाव ऱ्हास नही. पन होळीले तीच मानसेसले घर पोचाडस. मी तिले सगळास्थून चांगला ड्रायव्हर देऊ."

मला बरं वाटलं. बरं वाटायचं तसं त्यात काही कारण नव्हतं. माझ्या गाडीला ना ड्रायव्हर, ना प्रवासी. ती सुटेल की नाही, हेही कुणाला माहीत नाही. मी ते त्यांना म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "सुटी ना. आनि दुसरी जळनी ते?"

"जळू नये असंच मला वाटतं, काका. ती माझ्याच गटाची आहे."

"हां," ते म्हणाले. "ते बी खरं शे." आणि दोघंही त्या दुसऱ्या रेघेसाठी जरा काळजीत बसलो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आई होती. नकारानंतर ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. लग्नातसुद्धा तिने त्यांना दुरूनच नमस्कार केला होता. ती दारात उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि काकांना म्हणाली, "भाकरी टाकी ऱ्हायनू. जेवीसनच जावा आते."

काका खाली जेवायला बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. त्यांनी पोटभर खाल्लं. मग आईने विचारलं, कसं झालं? वडिलांनी आणि मी मान खाली घातली. कारण या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर असतं, 'छान', आणि ते आम्हाला पाठ आहे.

"मीठ," कंट्रोलर काका म्हणाले, "कमी शे."

आईने मिठाची बरणी त्यांच्यापुढे ठेवली. जरा जोरात ठेवली. पण दुसरी भाकरी वाढताना तिने तीवर तेल सोडलं, भरपूर, जसं ती फक्त घरच्या माणसांना सोडते.